दारात राडा झालाय

नवी मुंबईहून परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी पारावरची मंडळी रोज घेरतात आणि 'पहिल्यापासून सांग' म्हणतात. दर खेपेला सांगताना ट्रकमधली माणसं थोडी थोडी वाढतात. परवा ती शंभरावर गेली, तेव्हा माझं मलाच वाटलं, आता लिहून काढलेलं बरं. कागदावर आकडा एकदा बसला की हलत नाही. तर ट्रकमध्ये माणसं चाळीस होती. चाळीसच धरून चाला.

ट्रक कसला आणि माणसं कसली ते पुढं येईलच. आधी माझ्या आवाजाचं सांगितलं पाहिजे, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू होते. मी कुस्त्यांच्या मैदानात निवेदन करतो. सातारा जिल्ह्यात यात्रा कुठलीही असो, लाल मातीच्या कडेला धोतर खोचून उभा राहिलेला आणि पैलवानाच्या सात पिढ्या एका दमात सांगणारा माणूस दिसला, की तो मीच. मला भोंगा लागत नाही. एका यात्रेत वीज गेली तेव्हा मी कृष्णेच्या ह्या काठावरून "उठा" म्हणालो, तर त्या काठावरच्या गावात दुपारची लवंडलेली माणसं उठून चूळ भरायला लागली. हे लोक सांगतात. मी फक्त नाही म्हणत नाही.

हाच आवाज माझ्या भाचीच्या मुळावर आला होता.

धाकटी बहीण कुसुम तुर्भ्याला दिलेली. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, तिथल्या मसाला मार्केटात माथाडी. पाठीवरून मिरचीची पोती वाहून वाहून आता टोळीचे मुकादम झालेत. त्यांची एकुलती एक लेक सुनंदा. दोन वर्षांपूर्वी तिला बघायला कराडचं स्थळ आलं होतं. मला वाटलं, मुलीची ओळख करून द्यायची म्हणजे आखाड्यात पैलवानाची करून देतात तशीच. उभा राहिलो आणि सुरू केलं, "तुर्भ्याची वाघीण. आजवर एकही हार नाही. पकड अशी की सुटणार नाही. आणि हिच्या हातचं खाल्लेला माणूस पानावरून पुन्हा उठलेला नाही."

नवरामुलगा बारीक अंगाचा कारकून होता. त्यानं पोह्यांचा चमचा हळूच बशीत ठेवला. ते लोक पाणी पिऊन गेले ते गेलेच. पुढं ही गोष्ट इतकी पसरली, की नंतरची दोन स्थळंही पोहे खाताना दबकतच खात होती.

आता माघात चौथं स्थळ आलं, सीवूड्सचं. कुसुमचं पत्र आलं: 'मामाशिवाय बोलणी होत नाहीत, म्हणून तुला बोलावणं भाग आहे.' आमंत्रणाची ही तऱ्हा. तरी गेलो.

नंबरांचं गाव

आमच्याकडं गावात शिरलं की आधी मारुती लागतो, मग पार, मग चहा मिळेल असं पहिलं घर. इथं गावाला नंबर. सेक्टर अमुक, इमारत तमुक, खोली आणखी काहीतरी. रस्ते मात्र असे रुंद, की आमच्या तालुक्यातली सगळी जनावरं आडव्या ओळीत उभी केली तरी शेपट्या हलवायला जागा उरावी. एस.टी.नं हायवेवर उतरवलं. स्कूटरवरच्या एका तरण्याला पत्ता विचारला.

"सरळ जा काका, सर्कलला लेफ्ट मारा, मग एक राइट मारा, पुढे टाकी आली की कोणाला पण विचारा."

"दोघांना मारल्याशिवाय पोचता येणार न्हाई का?" मी विचारलं.

तो बघत राहिला. "टेन्शन नका घेऊ," म्हणाला, आणि माझं टेन्शन स्वतःच घेऊन निघून गेला.

कुसुमनं दारात भाकरतुकडा ओवाळला, पाया पडली, आणि डोकं वर करता करताच अटी सांगितल्या.

"दादा, या टायमाला तू पाचच वाक्यं बोलायची. या. बसा. पाणी घ्या. बरं. पुन्हा या."

"'बरं' हे वाक्य हाय का?"

"तुझ्यासाठी हाय."

"आणि मला कुणी काय विचारलं तर?"

"बरं म्हणायचं."

"त्यांनी मुलगी न्हाई पसंत म्हटलं तर?"

कुसुमनं ओवाळलेला तुकडा बाहेर भिरकावला. तेव्हा मला कळलं, की हा विनोद करायचा नव्हता.

सुनंदा आतून साडी घेऊन आली. पोरगी चोवीस वर्षांची, तिथल्या बालवाडीत शिकवते. तिनं कुसुमला विचारलं, "आई, हीच नेसू का परत? चौथ्यांदा होईल." ती हसत म्हणाली, पण त्या 'चौथ्यांदा'त हसू नव्हतं. मी कृष्णेच्या दोन्ही काठांना ऐकू जाणारा माणूस, पण तो एक शब्द माझ्या कानात दिवसभर घुमत राहिला.

संध्याकाळी तिनं माझी शिकवणी घेतली. "मामा, समोरच्याच्या उंचीला यायचं असतं. मुलं खाली बसलेली असली तर आपण पण खाली बसायचं. तू सगळ्यांशी स्टेजवरनंच बोलतोस." मग मला फरशीवर मांडी घालून बसवलं आणि पाच वाक्यं वीस वेळा म्हणून घेतली. 'पाणी घ्या' मला सगळ्यात जड गेलं. म्हणे, मी ते कुणाला तरी विहिरीत ढकलल्यासारखं म्हणतो.

मसाला मार्केट

दुसऱ्या दिवशी दाजी मला मार्केट दाखवायला घेऊन गेले. तिथल्या हवेचं काय सांगू. गेटातून आत पाऊल टाकलं आणि मला लागोपाठ सतरा शिंका आल्या. अठरावी आली तेव्हा दाजींच्या टोळीनं पोती खाली ठेवून मला सलाम केला. सगळी आपल्याकडचीच माणसं, पाटण, जावळी, खटाव. पाठीवर पोतं, हातात पोतं ओढायचा लोखंडी हूक आणि तोंडात गावाकडची खबर.

"पाव्हणं, आमच्याकडं औंदा ज्वारी कशी?"

"कणीस असं की माणूस वर चढून बसंल," मी म्हटलं. तिथं मला पाचाची अट नव्हती.

दाजी ज्या गाळ्यावर काम करतात तो गफूरशेटचा. शेट मूळचे श्रीवर्धनकडचे, कोकणी मुसलमान. पांढरी टोपी, पांढरी दाढी, आणि आवाज इतका खालचा, की त्यांच्याशी बोलायला आलेला माणूस आपोआप पुढं वाकतो. मी तासभर बघत होतो. भोवती शंभर माणसं ओरडतात, हमालांची 'बाजू, बाजू' चाललेली, ट्रकचे भोंगे. आणि मधोमध हा माणूस कुजबुजतो, आणि सगळे त्याचंच ऐकतात. मला ते एखाद्या जादूसारखं वाटलं.

"शेट, तुमी इतकं हळू बोलता, लोकांना ऐकू कसं जातं?"

त्यांनी समोरच्या पोत्यातली एक लाल मिरची माझ्या तळहातावर ठेवली. "मामा, ही वरडते काय?"

"न्हाई."

"तरी कलते ना?"

काळा चहा पाजला, सुनंदाची चौकशी केली. तिच्या बारशाला त्यांच्या बायकोनं झबलं शिवलं होतं, हे मला तिथंच कळलं. निघताना म्हणाले, "गुरुवारी पावने येतात ना. काय लागला तर गाल्यावर फोन करा. आपली पोरगी हाय."

घरी येऊन मी तसं हळू बोलून बघितलं. कुसुम म्हणाली, स्टोव्हची हवा जातेय वाटतं.

काशीबाईचा बांगडा

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात काशीबाई आली. जवळच्या जुन्या गावातली आगरी बाई, डोक्यावर मासळीची पाटी, नाकात नथ, आणि आवाज असा की मी प्रथमच कुणापुढं टोपी काढावी. इमारती उठायच्या आधी तिच्या सासऱ्याची मिठागरं होती, आता तिथं सेक्टर झालेत. कुठल्या सेक्टराखाली कुठला कोंडा, म्हणजे मिठाचा वाफा होता, हे तिला डोळे मिटून सांगता येतं.

मी दारात बसून माझी पाच वाक्यं घोकत होतो.

"आगं कुसुम, ह्यो पावना कोन हाय?"

"माझा मोठा भाऊ."

"बोलत नाय का? मुका हाय?"

"बरं," मी म्हणालो.

"आयकलंस? बरं बोलतो. गुनाचा हाय."

दुपारी बांगडा आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडं भाकरी म्हणजे ज्वारीची, हातावर धरली तर ढालीसारखी उभी राहते. ही पांढरी, मऊ, जणू इस्त्रीच्या घडीतला रुमाल. आठ खाल्ल्या. नवव्या भाकरीला बांगड्याचा काटा घशात उभा राहिला. काशीबाई वरच्या मजल्यांवर मासळी विकून जिना उतरत होती, ती आत आली, पाठीत एक गुद्दा घातला आणि म्हणाली, "सुक्या भाताचा गोला गिल, चावू नको. पानी मागशील तर मरशील." काटा गेला, पण आवाजही गेला. संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून नुसती हवा येत होती.

कुसुमनं देवापुढं निरांजन लावलं. मी खुणेनं विचारलं, कशाबद्दल. म्हणाली, असंच.

न्हावा शेवा

मुलगा बघायच्या आधी मुलगा चोरून बघणं हा आमच्याकडचा जुना रिवाज. त्याच दुपारी जेवणानंतर दाजींच्या ओळखीचा एक ट्रक बंदराकडं निघाला होता, तेव्हा त्यातून आम्ही दोघं गेलो. स्थळ सांगणाऱ्यानं मुलाचं नाव प्रशांत शेलार आणि नोकरी बंदरात, 'क्लिअरिंगच्या ऑफिसात' असं सांगितलं होतं.

रस्त्यानं दोन्ही बाजूंना लोखंडी डबे, निळे, तांबडे, एकावर एक पाच. प्रत्येक डब्यात आमचं अख्खं हायस्कूल मावावं, मुख्याध्यापकांसकट. रोज तिथं जाणाऱ्या ड्रायव्हरनं तारेच्या कुंपणापाशी गाडी थांबवली. "त्यो बघा तुमचा जावई."

आत उन्हात, धुळीत, डोक्यावर पिवळा टोप घातलेला एक सडपातळ पोरगा उभा होता. ऑफिस वगैरे काही नव्हतं. त्याच्या डोक्यावर भलीमोठी क्रेन, क्रेनला लोंबकळणारा डबा, आणि हा दोन्ही हात हवेत धरून उभा. बोट वर करून गोल फिरवलं, डबा वर. तळहात आडवा केला, डबा जागच्या जागी. अंगठा हळूच खाली, आणि हत्तीएवढा डबा असा उतरला की खाली अंडं असतं तर फुटलं नसतं.

मी मैदानात जन्म काढला. पैलवानानं शड्डू ठोकला की त्याच्या मनात काय आहे ते मी सांगतो. पण हे हाताचं बोलणं निराळंच होतं. क्रेनची घरघर इतकी, की तिथं माझा आवाजसुद्धा चिलटासारखा वाटला असता. तासाभरात त्या पोरानं तोंड उघडलं नाही.

"दाजी," मी उरलेल्या हवेनं कसंबसं म्हटलं, "पोरगा मुका हाय."

"मुका न्हाई. त्याचं कामच ते हाय. शिग्नल देतो." दाजी मात्र दुसऱ्याच विचारात होते. "पाव्हणं, हे ऑफिस न्हवं. त्यांनी खोटं सांगितलं."

थाप मारणाऱ्याला नावं ठेवायचा अधिकार साताऱ्यात शेवटून पहिला माझा. दाजी वाशीच्या जवळ आल्यावर म्हणाले, "कुसुमला आत्ताच सांगू नका. आधी माणसं बघू."

गुरुवार, दुपार

पाहुणे चारला यायचे होते. दाजी अर्धा दिवस काम करून येतो म्हणून मार्केटात गेले होते. दोनच्या सुमाराला खाली कुठल्याशा ठेकेदाराची माणसं टेलिफोनची केबल टाकायला खणत होती, त्यांच्या पहारीनं पाण्याचा पाइप फोडला. पाणी असं उडालं, की तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे परत धुऊन निघाले. ठेकेदाराची माणसं पहारी टाकून पळाली. अर्ध्या तासात इमारतीच्या दारापुढं गुडघाभर लाल चिखल झाला. म्हशी असत्या तर सुखानं बसल्या असत्या.

कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता त्यांना काय पोहत यायला सांगू?"

"थांब," मी म्हणालो. आवाज परत आला होता. कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर गेलो, काचेचं दार लावून घेतलं आणि गाळ्याचा नंबर लावला. तार खरखरत होती. पलीकडं गफूरशेटच होते. मी जे बोललो ते शब्दाला शब्द सांगतो:

"शेट, मी सुनंदाचा मामा. हितं दारात राडा झालाय. चारला पाव्हणं यायचेत. दाजींना सांगा, फावडी घेऊन माणसं पाठवा."

पलीकडं तोच खालचा आवाज, पण त्यात मिरची उतरली होती. "पोरगी घरात हाय?"

"घरातच हाय की."

"दार बंद करा. कोनी बाहेर पडू नका. आमी आलो."

मला भरून आलं. काय माणसं, एवढ्याशा चिखलासाठी केवढी आस्था. दार बंद करा म्हणाले, ते राडा आत येऊ नये म्हणून, असं मी धरलं. बूथवाला माझ्याकडं डोळे फाडून बघत होता आणि शटर अर्धं खाली ओढत होता. तेही मी उन्हासाठी धरलं.

आता आमच्या गाववाल्यांना सांगायला नको, की आपल्याकडं राडा म्हणजे चिखल. बैल धुतले की गोठ्यात राडा होतो. पण मुंबईच्या बोलीत राडा म्हणजे मारामारी; साधी नव्हे, काचा फुटतील अशी. हे मला ठाऊक नव्हतं. त्या शहरात चार दिवस राहून मी लेफ्ट मारायला शिकलो होतो, पण हा शब्द कुणी सांगितला नव्हता.

पाहुणे पाऊण तास आधी आले. शहरातली माणसं घड्याळाच्या पुढं धावतात. रिक्षातून शेलारसाहेब उतरले, कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीतले. मागून शेलारबाई आणि मग तो प्रशांत. चिखलाच्या कडेला तिघं उभे राहिले, तेवढ्यात कोपऱ्यावरून ट्रक आला.

उभ्यानं भरलेली चाळीस माणसं. हातात फावडी, हूक, पोती बांधायचे दोर. ड्रायव्हरशेजारी गफूरशेट. ट्रक करकचून थांबायला गेला तो सरळ चिखलात घुसला आणि मागची चाकं रुतली. माणसांनी धडाधड उड्या टाकल्या.

"कुठाय राडा?"

"कोन हाय त्यो? दावा नुसता."

समोर अनोळखी म्हणावीत अशी तीनच माणसं होती. चाळीस जण त्या तिघांभोवती उभे राहिले. शेलारबाईंनी पर्स छातीशी धरली. दाजी ट्रकच्या मागच्या बाजूनं उतरले होते, ते मांडीपर्यंत रुतून बसले आणि तिथून "आरं ते पाव्हणं हायत, पाव्हणं" म्हणून हाका मारत होते, पण गलक्यात ऐकतो कोण.

मी गॅलरीत. जिल्ह्यातला सगळ्यात मोठा आवाज माझ्या गळ्यात, आणि बोलायची परवानगी पाच वाक्यांची. डोकं चालेना. मी घाबरून जी येत होती ती म्हटली.

"या. बसा. पाणी घ्या."

ते इतकं मोठ्यानं निघालं की सगळे वर बघायला लागले. खाली चिखल, मधून पाण्याचं कारंजं, भोवती हूक घेतलेली माणसं, आणि वरून मी पाणी घ्या म्हणतोय. शेलारसाहेब मुलाला म्हणाले, "चल, परत जाऊ."

मी मागं बघितलं. सुनंदा दाराच्या आड उभी होती. तिनं ते ऐकलं होतं. ती साडीचा पदर नीट करत होती, अगदी सावकाश, जसं काही ते काम संपूच नये.

गफूरशेट केबिनमधून उतरले. त्यांनी गॅलरीकडं मान वर केली. "मामा, राडा कुठाय?"

मी खाली बोट दाखवलं. "ह्यो काय."

"ह्यो तर चिखल."

"चिखलच की. आमच्याकडं त्याला राडाच म्हणत्यात."

शेटनी कपाळाला हात लावला. चाळीस माणसांतला एक पाटणचा गडी हळूच म्हणाला, "आयला, आपला राडा व्हय. आमाला वाटलं हितला." आणि हसू असं पसरलं, की जे हूक वर होते ते खाली आले. तेवढ्यात दाजी चिखल तुडवत येऊन शेलारसाहेबांपुढं हात जोडून उभे राहिले.

आणि ड्रायव्हरनं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. चाकं गरागरा फिरली, चिखल उडाला, ट्रक इमारतीच्या जिन्याकडं कलला. आता चाळीस जण चाळीस तऱ्हेनं ओरडायला लागले. डावीकडं घे. उजवीकडं. आणखी. बास. जाऊ दे. थांब की. ड्रायव्हरला कुणाचंच काही कळेना, आणि ट्रक वीतवीत जिन्याकडं सरकत होता.

त्या पोरानं पायातले बूट काढून वडिलांच्या हातात दिले. पँट दुमडली. खणलेल्या मातीच्या ढिगावर चढला, दोन बोटं तोंडात घालून एक शीळ घातली आणि दोन्ही हात वर केले.

सगळं गप्प झालं. मी लाल मातीत मोठमोठे पैलवान उतरताना बघितलेत, एवढी शांतता कुणाला मिळालेली नाही.

त्यानं एका हातानं चौघांना दाखवलं, दुसऱ्यानं चाकाखालची जागा. चौघांनी रिकामी पोती तिथं कोंबली. तळहात ड्रायव्हरकडं, थांब. बोटं आपल्याकडं, हळू, हळू. ट्रक हलला. मूठ. थांबला. परत बोटं. दोन मिनिटांत ट्रक पक्क्या रस्त्यावर, आणि फावडी घेतलेली माणसं त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर दोन रांगांत कामाला. पाण्याला चर काढून दिला, दारापुढं विटा मांडल्या. पंधरा मिनिटांत शेलारबाई कोरड्या चपलांनी जिना चढल्या.

वर, पोहे

खोलीत शेलारसाहेब अजून मुलाचे बूट हातात धरूनच बसले होते. गफूरशेट दाराशी बसले. कुसुम सगळ्यांना चहा देत होती आणि कुणाकडं बघत नव्हती.

"तुम्ही मारामारी आहे समजून आलात?" शेलारसाहेबांनी शेटना विचारलं. "या वयात?"

शेट बशीकडं बघत म्हणाले, "दोन वर्सं झाली. त्या दंगलीच्या वाईट दिवसांत आमी मुंबईत, मस्जिदच्या बाजूला ऱ्हायचो. आमी पन फोन केलं. सगल्यांनी उचललं. आलं कोन नाय." चहाचा एक घोट घेतला. "म्हनून मी हा शब्द आयकला की फोनवर जास्त इचारत नाय. येतो."

माझ्याकडं 'बरं' शिल्लक होतं. ते तसंच ठेवून मी शेटच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसलो.

शेलारसाहेबांनी बूट खाली ठेवले. "एक आम्हीही सांगायला हवं. प्रशांत ऑफिसात नाही. यार्डात असतो. लोकांना सांगायला बरं वाटत नाही, म्हणून आम्ही ऑफिस म्हणतो. तो घरी काही बोलत नाही. कामावर काय करतो, कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आज पहिल्यांदा बघितलं." त्यांनी चष्मा पुसला. "चांगलं करतो की."

प्रशांत चिखलाच्या पायांवर नजर ठेवून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"आमाला ठाऊक व्हतं साहेब," दाजी म्हणाले. "मंगळवारी तारेबाहेरनं बघून आलोय. तरीबी वाट बघत व्हतो."

शेलारबाई प्रथमच हसल्या. मग म्हणाल्या, "मुलांना दहा मिनिटं बोलू द्या. बाकी सगळं आपलंच बोलून झालंय."

दोघं गॅलरीत गेली. सुनंदा कठड्याला टेकून खालच्या चराकडं बघत उभी राहिली, तो हातभर अंतरावर. आम्ही खोलीत श्वास धरून. मी कान दिला. माझा कान आवाजाएवढाच मोठा आहे. शब्द नाही. पाच मिनिटं झाली, शब्द नाही. कुसुमनं मला चिमटा काढला, जसं काही ही शांतता मीच केली होती. दहा मिनिटांनी दोघं आत आली. तो जागेवर बसला, ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मागोमाग कुसुम, आणि कुसुमच्या मागं मी.

"काय म्हणाला गं?"

"काही नाही."

"काहीच नाही?" कुसुमचा चेहरा उतरला. "मग तू काय म्हणालीस?"

सुनंदानं स्टोव्हवर चहाचं आधण चढवलं, साखरेचा डबा शोधला, त्याचं झाकण उघडलं.

"मी हो म्हणाले."